खाडा कोणाच्या नावावर?



१४ जुलै २०२१ रोजी सकाळी पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात, अप्पर कोहिस्तान जिल्ह्यात, दासू धरणाच्या कामावर निघालेली एक बस स्फोट होऊन दरीत कोसळली. नऊ चिनी आणि चार पाकिस्तानी माणसं गेली. पाकिस्तानींमध्ये बंदोबस्ताचे जवानही होते. सरकारने आधी सांगितलं की यांत्रिक बिघाडामुळे वायूगळती झाली. दुसऱ्याच दिवशी माहिती खात्याच्या मंत्र्यांना कबूल करावं लागलं की स्फोटकांचे अंश सापडले आहेत. इथवरची बातमी जगभर छापून आली. त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, तिला मात्र आतल्या पानावर जागा मिळाली. धरण बांधणाऱ्या चायना गेझोबा कंपनीने नोटीस काढली की काम थांबत आहे, तेव्हा अगदी आवश्यक तेवढे सोडून सगळ्या पाकिस्तानी कामगारांची नोकरी संपुष्टात येत आहे, कायद्याप्रमाणे होणारी देणी चुकती केली जातील. गदारोळ झाला आणि नोटीस लगोलग मागे घेतली गेली. प्रत्यक्ष काम मात्र पुढे काही महिने बंदच राहिलं.

आज मला बोलायचं आहे ते बॉम्बबद्दल कमी आणि या नोटिशीबद्दल जास्त. परदेशी कंपन्या दुसऱ्या देशात जाऊन धरणं, बंदरं, रस्ते बांधतात तेव्हा कामगारांच्या सुरक्षेचा विषय निघतो आणि जवान, नाके, चिलखती गाड्या यांच्या हिशेबावर येऊन थांबतो. हा हिशेब खोटा नाही, पण तो निम्मा आहे. कामगाराला सुरक्षित वाटतं की नाही, हे त्याच्या बसच्या पुढे किती बंदुका धावतात यावर जितकं ठरतं, तितकंच दुसऱ्या एका गोष्टीवर ठरतं. धोका दिसल्यावर त्याला पाऊल मागे घेता येतं का, आणि घेतलं तर त्याचा रोज बुडतो का? आपल्याकडे बांधकामावर शब्द आहे, खाडा. भीतीपोटी एक दिवस घरी राहिलेल्या माणसाच्या नावावर खाडा पडणार असेल, तर त्याच्याभोवती पलटण उभी केली तरी तो सुरक्षित नाही, असं माझं म्हणणं आहे.

बंदोबस्त लहान नाही, हे आधी नीट पाहू. चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिकेच्या रक्षणासाठी पाकिस्तानने सैन्याचा एक स्वतंत्र विशेष विभाग उभा केला. नऊ हजार सैनिक आणि सहा हजार निमलष्करी जवान, म्हणजे पंधरा हजारांची फौज. मार्गिकेतल्या वीज प्रकल्पांना सुरक्षेपोटी भांडवली खर्चाच्या एक टक्का रक्कम वीजदरातून वसूल करण्याची मुभा दिली गेली. याचा अर्थ लाहोरच्या एखाद्या शिंप्याच्या वीजबिलातही पहाऱ्याचा वाटा आहे. एवढं करूनही २६ मार्च २०२४ रोजी इस्लामाबादहून दासूकडे निघालेल्या ताफ्यातल्या गाडीवर शांगला जिल्ह्यात बेशामजवळ आत्मघाती हल्ला झाला. पाच चिनी अभियंते आणि त्यांचा पाकिस्तानी चालक मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कराचीच्या विमानतळाबाहेर आणखी दोन चिनी नागरिकांचा बळी गेला. प्रत्येक वेळी बैठक झाली आणि प्रत्येक वेळी आणखी जवान द्यायचं ठरलं. पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी अनेकदा भारतीय गुप्तचर यंत्रणेकडे बोट दाखवलं आणि भारताने ते आरोप फेटाळले. तो वाद आज माझा विषय नाही. बोट कोणाकडेही दाखवलं तरी बसमध्ये बसलेल्या माणसाच्या दिवसात त्याने फरक पडत नाही.

या बंदोबस्ताची रचना कोणाला डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे? परदेशी अभियंत्याला. तो कुंपणाच्या आत राहतो, ताफ्यातून हलतो, त्याच्या जाण्यायेण्याची वेळ आधी कळवावी लागते. स्थानिक मजूर फाटकाशी येतो तेव्हा त्या व्यवस्थेच्या लेखी तो राखायचा माणूस नसतो, तपासायचा माणूस असतो. हल्ल्यानंतर झडती वाढते, ती त्याची. संध्याकाळी पाळी संपली की तो त्याच डोंगरातल्या वस्तीत परत जातो आणि तिथे कुंपण नाही. परक्यांच्या कामावर जातो म्हणून गावात त्याच्याकडे संशयाने पाहणारे असतात आणि गावातला आहे म्हणून फाटकावर संशयाने पाहणारेही असतात.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. हल्लेखोरांचं लक्ष्य परदेशी माणूस आहे, तर पहारा त्याच्याभोवती असणारच. त्यात पक्षपात कसला? आक्षेपाचं उत्तर आकड्यांत शोधावं लागेल. एप्रिल २०१५ मध्ये बलुचिस्तानात तुर्बतजवळ बांधकामाच्या तळावर रात्री झोपलेल्या मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीस जण मेले. ते सिंध आणि पंजाबातून पोटासाठी आले होते. मे २०१७ मध्ये ग्वादरजवळ रस्त्याच्या कामावर असलेले दहा सिंधी मजूर भर दिवसा मारले गेले. ही कामं थेट चिनी कंपन्यांची नव्हती हे खरं, पण हल्लेखोरांच्या नकाशात ती एकाच रेषेवर होती. बलुचिस्तानातले मार्गिकेचे रस्ते बांधणाऱ्या लष्करी बांधकाम संघटनेच्या अधिकाऱ्याने सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं होतं की २०१४ पासून तिथे ४४ कामगार मारले गेले. त्या काळात जगाच्या वर्तमानपत्रांत चर्चा होती ती चिनी नागरिकांच्या सुरक्षेची.

आणि हे फक्त चीनच्या बाबतीत घडतं, असं समजून निःश्वास टाकायचं कारण नाही. अफगाणिस्तानात इराणच्या सीमेजवळच्या झरंजपासून देलारामपर्यंतचा सुमारे २१८ किलोमीटरचा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेने बांधला. जानेवारी २००९ मध्ये तो अफगाण सरकारच्या हवाली झाला. रक्षणासाठी भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान नेले होते. तो रस्ता बांधताना सहा भारतीयांनी प्राण दिले आणि आपल्या सरकारने त्यांची आठवण ठेवली, ते योग्यच झालं. त्याच रस्त्यावर १२९ अफगाणही मारले गेले. सहा आणि एकशे एकोणतीस. हे १२९ जण आपला रस्ता बांधताना गेले, पण आपल्या स्मरणात त्यांना जागा नाही. परदेशी माणूस लक्ष्य असतो, पण मरणाऱ्यांत स्थानिकांची संख्या मोठी असते, कारण एका परदेशी अभियंत्यामागे हाताला काम म्हणून आलेले स्थानिक कितीतरी पट असतात आणि त्यांच्यासाठी चिलखती गाडी नसते. जिथे लक्ष्य आणि बळी वेगवेगळे आहेत, तिथे पहारा फक्त लक्ष्याभोवती लावून चालत नाही.

आता पुन्हा नोटिशीकडे येतो. बेशामच्या हल्ल्यानंतर चिनी कंपन्यांनी दासू आणि दियामेर-भाषा या दोन धरणांचं काम थांबवलं. (दियामेर-भाषा गिलगिट-बाल्टिस्तानात येतं, तो भूभाग भारत आपला मानतो आणि मार्गिकेवरचा आपला मूळ आक्षेपच तो आहे.) इतकंच नाही, तर जिथे हल्ला झालाच नव्हता त्या तरबेला धरणाच्या पाचव्या विस्ताराचं कामही कंपनीने सुरक्षेचं कारण देऊन थांबवलं आणि दोन हजारांहून अधिक स्थानिक कामगारांना घरी बसवलं. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय समजण्यासारखा आहे. आपली माणसं मारली गेली आहेत, पुढे काय होईल ठाऊक नाही, तेव्हा थांबा. पण याच निर्णयाचा दुसरा अर्थही पाहा. धोका दिसला म्हणून काम सोडून बाजूला होण्याचा हक्क कंपनीने बजावला आणि त्याची किंमत मजुराच्या रोजंदारीतून गेली.

हा हक्क मुळात कामगाराचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातलं १३ वं कलम असं आहे: आपल्या जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला वाजवी कारण असलेला कामगार कामावरून बाजूला झाला, तर त्याला त्याचे अन्याय्य परिणाम भोगावे लागू नयेत. २०२२ मध्ये या कराराला श्रम संघटनेच्या मूलभूत करारांत स्थान मिळालं. म्हणजे सदस्य देशाने तो रीतसर मंजूर केलेला असो वा नसो, त्यातलं तत्त्व त्याला मानावं लागतं. कोणी म्हणेल, हे कलम खाणीतल्या वायूसाठी, कारखान्यातल्या यंत्रासाठी लिहिलं. त्यात आत्मघाती हल्लेखोर बसत नाही. कलमाच्या शब्दांत मात्र तशी मर्यादा नाही. धोका कशापासून, हे तिथे लिहिलेलं नाही. धोका जिवाला, एवढंच लिहिलं आहे.

याच्या शेजारी बांधकामाचा करार ठेवून पाहा. मोठ्या आंतरराष्ट्रीय बांधकामांत फिडिक या अभियंत्यांच्या महासंघाचे नमुना करार वापरतात. जागतिक बँकेच्या कर्जावरची कामं सहसा त्याच धर्तीच्या करारावर चालतात आणि दासूला बँकेचं कर्ज आहे. त्या करारांत बंड, दहशतवाद, युद्ध यांसारख्या अपवादात्मक घटनांचं प्रकरण असतं. अशा घटनेमुळे काम अडलं तर कंत्राटदाराला मुदतवाढ मागता येते आणि काम ज्या देशात आहे त्याच देशात बंड किंवा दहशतवाद उसळला असेल तर झालेला खर्चही मागता येतो. वकिलांनी घासूनपुसून लिहिलेली कलमं आहेत ती. बँकेचे हप्ते, यंत्रांचं भाडं, थांबलेला वेळ, सगळ्याचा विचार त्यांत आहे. रोजावरचा मजूर त्यांत कुठेही नावाने येत नाही. त्याच्या न भरलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न पोटकंत्राटदाराच्या मर्जीवर सोडलेला असतो आणि पोटकंत्राटदाराची मर्जी काय असते ते या सभागृहात मी सांगायला नको.

बंदुकीने न सुटणाऱ्या भीतीचं एक उदाहरण दासूवरच घडलं. एप्रिल २०२३, रमजानचा महिना. वाहतूक विभागातल्या एका चिनी पर्यवेक्षकाने नमाजासाठी जाणाऱ्या वेळेवरून, कामाच्या संथपणावरून चालकांकडे नाराजी दाखवली. वादावादी झाली आणि त्याच्यावर ईशनिंदेचा आरोप आला. पाकिस्तानात या आरोपाचा अर्थ काय होऊ शकतो, हे सांगायला नको. शेकडो लोकांनी काराकोरम महामार्ग अडवला. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि हेलिकॉप्टरने अबोटाबादला हलवलं. पुढे त्याला जामीन मिळाला. पंधरा हजारांची फौज असताना या माणसाला वाचवायला हेलिकॉप्टर का लागलं? कारण धोका बाहेरच्या डोंगरातून आला नव्हता. तो पाळीच्या वेळापत्रकातून आला होता. उपास धरून अवजड वाहन चालवणाऱ्या माणसांच्या पाळ्या कशा लावायच्या, विश्रांती किती द्यायची, तक्रार कोणाकडे न्यायची, याची काही रीत ठरलेली असती तर गोष्ट मुकादमाच्या पातळीवर मिटण्याची शक्यता होती. नक्की मिटली असती असं मी म्हणणार नाही. पण तक्रारीची वाटच नसली की प्रत्येक कुरबूर रस्त्यावर येते, हे कामगार चळवळीत वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. इथे स्थानिक चालक आणि परदेशी पर्यवेक्षक दोघेही असुरक्षित झाले आणि कारण एकच होतं.

ग्वादरमध्ये तर बंदोबस्तच तक्रारीचा विषय झाला. बंदराजवळच्या जलदगती मार्गामुळे समुद्राकडे जाणारी वाट अडते म्हणून मच्छीमार रस्त्यावर आले. २०२० च्या अखेरीस शहराच्या मोठ्या भागाला तारेचं कुंपण घालायचं काम सुरू झालं आणि विरोधामुळे थांबवावं लागलं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मौलाना हिदायतुर रहमान यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्वादर को हक दो’ आंदोलनाने महिनाभर ठिय्या दिला. बेकायदा ट्रॉलर बंद करा ही एक मागणी होती आणि अनावश्यक तपासणी नाके उठवा ही दुसरी. आपल्याच गावात कुठे चाललास, कुठून आलास याची उत्तरं देऊन लोक विटले होते. ज्यांच्या नावाने नाके उभारले ते चिनी अभियंते आणि ज्यांना नाक्यावर उभं राहावं लागलं ते कोळी यांची कधी गाठही पडत नव्हती. मौलाना २०२४ मध्ये बलुचिस्तान विधानसभेवर निवडून आले. आपल्या कोकणातल्या श्रोत्यांना हे फार परकं वाटू नये. फ्रेंच अणुभट्ट्यांसाठी आखलेल्या जैतापूर प्रकल्पाची वीट रचली जाण्याआधी, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक मच्छीमार गेला. प्रकल्पाच्या आधी पोलीस पोचले की पुढे त्या प्रकल्पावर काम करणारा कोणीही गावात निर्धास्त वावरू शकत नाही, मग तो परदेशी असो की शेजारच्या तालुक्यातला.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. तुम्ही पाळ्या सुधारा, भरपाई द्या, वाटा मोकळ्या करा. त्याने आत्मघाती हल्लेखोर थांबेल का? त्याचं भांडण रोजंदारीशी नाही, राज्याशी आहे. मान्य. तुर्बतच्या मजुरांना चांगला पगार असता तरी त्या रात्री गोळ्या चुकल्या नसत्या. पहारा लागेल, गुप्त वार्ता लागतील, चिलखती गाड्याही लागतील. माझा मुद्दा वेगळा आहे. हल्ला रोखणं हे राज्याचं काम आणि त्यात ते कधी कमी पडणारच. पण हल्ल्याचा भार कोणी किती सोसायचा, हे हल्लेखोर ठरवत नाही. ते मालक, कंत्राटदार आणि सरकार टेबलावर बसून ठरवतात. हल्ल्यानंतर दोन हजार घरांची चूल थंड होणं ही कुठल्याही संघटनेने घडवलेली गोष्ट नाही. ती करारात लिहून, किंवा करारात न लिहून, घडवलेली आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि त्याला खर्चानेच उत्तर देऊ. दासूच्या २०२१ च्या चिनी बळींच्या आणि जखमींच्या कुटुंबांसाठी पाकिस्तानने १ कोटी १६ लाख डॉलर मंजूर केले. तशी कायदेशीर बांधिलकी नसताना, सदिच्छेपोटी. बेशामच्या पाच चिनी बळींसाठी २५ लाख ८० हजार डॉलर. ही रक्कम त्या कुटुंबांना मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही; माणूस परत येत नाही. पण तुलना करू. बेशामच्या हल्ल्याच्या वेळी पाकिस्तानात किमान वेतन महिना ३२ हजार रुपये होतं. तरबेलाच्या दोन हजार कामगारांना काम बंद असताना महिनाभराचं किमान वेतन द्यायचं तर ६ कोटी ४० लाख पाकिस्तानी रुपये लागले असते. तेव्हाच्या दराने साधारण २ लाख ३० हजार डॉलर. पाच कुटुंबांच्या भरपाईच्या एक दशांशाहून कमी. ग्राहकाच्या वीजबिलातून पहाऱ्यासाठी एक टक्का काढता येतो, तर त्याच खात्यात थांबलेल्या हातांसाठी काही ठेवता येणार नाही, असं म्हणणाऱ्याने मला गणित करून दाखवावं.

आणि एक आक्षेप आहे जो उघड कोणी करत नाही, पण साहेबांच्या केबिनमध्ये हमखास ऐकू येतो. भीतीपोटी घरी राहायची मुभा दिली तर रोज अफवा उठेल आणि रोज काम बंद पडेल. कलम १३ मध्ये ‘वाजवी कारण’ हे शब्द यासाठीच घातले आहेत. वाजवी काय ते ठरवायला कामगार आणि व्यवस्थापन यांची सुरक्षा समिती बसवता येते. शिवाय तरबेलावर काहीच घडलं नसताना दूर बेशामला झालेल्या स्फोटावरून काम कोणी थांबवलं? मजुरांनी नव्हे. भीती बाळगण्याचा अधिकार जो स्वतः इतक्या सैल हाताने वापरतो, त्याने दुसऱ्याच्या भीतीकडे पुरावा मागू नये.

मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सहकारी ती कित्येक वर्षं मागत होते आणि मालकांचं म्हणणं होतं की एवढा मोठा धंदा एका दिवसाने बसेल. एका ठरावीक दिवशी कामावर न येण्याचा हक्क तेव्हा अशक्य कोटीतला वाटला होता. जिवाला धोका असताना कामावर न येण्याचा हक्क आज तसाच वाटतो.

हा प्रश्न आता पाकिस्तान आणि चीनपुरता नाही. मे २०१८ मध्ये अफगाणिस्तानच्या बाघलान प्रांतात वीज उपकेंद्राच्या कामावरच्या भारतीय कर्मचाऱ्यांचं अपहरण झालं. ते ज्या कंपनीचे होते तिचं मुख्यालय मुंबईत आहे. शेवटच्या माणसाची सुटका व्हायला २०२० उजाडलं. एप्रिल २०२५ मध्ये नायजरमध्ये वीजवाहिनीचं काम करणारे झारखंडचे पाच कामगार पळवले गेले. त्यांच्या बंदोबस्ताला असलेले सैनिकही त्या हल्ल्यात मारले गेले. भारतीय कंपन्या आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात आज मनोरे उभारत आहेत, रस्ते घालत आहेत. त्यांपैकी कित्येकांची कार्यालयं या राज्यात आहेत, त्यांचे समभाग शेअर बाजारात आहेत आणि ते धरणारे काहीजण या सभागृहातही असतील. त्यांना माझी विनंती आहे. कंपनीच्या वार्षिक सभेत नफ्यातोट्याचे प्रश्न झाले की आणखी तीन विचारा. हल्ल्यामुळे काम थांबलं तर परदेशातल्या स्थानिक मजुराला थांबलेल्या दिवसांची मजुरी मिळते का? तो मेला तर त्याच्या घरी जाणारी रक्कम आणि आपल्या अभियंत्याच्या घरी जाणारी रक्कम यांत किती पटींचा फरक आहे? आणि पोटकंत्राटदाराच्या करारात हे लिहिलेलं आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात नोंदवून घ्या.